हिरव्या रंगाला भिणारा कुंचला

मित्रांनो, मी एक जुना कुंचला आहे आणि मुळातच भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर अर्ध्या गोष्टीत तुम्ही म्हणाल, हा एवढा का थरथरतोय?

आज मला पाहून तुम्हाला हसू येईल. दांडी तडकली आहे. केस पुढून तुटके, वेडेवाकडे. कुणी म्हणेल उंदराने खाल्ले. उंदराने नाही खाल्ले. कुणी खाल्ले आणि का, तेच मला सांगायचं आहे, कारण ते सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

माझा जन्म न्युरेम्बर्ग शहरातला. तिथे कुंचले करणाऱ्यांची आख्खी गल्ली होती. मुंगसासारखा एक लहानसा प्राणी थंड मुलखात असतो, त्याच्या शेपटीचे केस माझ्या वाट्याला आले. बाबेट नावाची एक म्हातारी कारागीर होती. तिने ते केस पितळेच्या छोट्या पेल्यात घालून ठोकठोक ठोकले, टोकं एका पातळीला आणली, केस दोऱ्याने आवळले आणि हंसाच्या पिसाच्या नळीतून ओढून घेतले. मग तिने मला ओठांत धरून ओलं केलं, उजेडाकडे करून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "अगं, या बाळाचं टोक बघ. सुईने लाजावं असं आहे."

आयुष्यातली पहिली शाबासकी मला अशी ओठांतून मिळाली. तेव्हापासून ओठ म्हणजे माया, ओठ म्हणजे कौतुक, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. मला त्याचा फार गर्व होता. आता तो आठवला तरी लाज वाटते.

ड्रेस्डेनच्या एका दुकानातून मला ट्राउगोट हेन्शल यांनी विकत घेतलं. हे निसर्गचित्रं काढायचे. डोंगर, ओढे, रान, त्यावरचं आभाळ. राहायचे थारांड्ट नावाच्या छोट्या गावात. गावाच्या मागे चढावर बीच नावाच्या झाडांचं दाट रान होतं आणि हेन्शल तीस वर्षं तेच रान काढत होते. घरी बायको अमाली आणि विशीतली मुलगी थेक्ला. थेक्लाही चित्रं काढायची, पण बापलेकीची वाटणी ठरलेली होती. आभाळ तिचं, झाडं त्यांची.

त्या काळी आमच्या मुलखात निसर्गचित्रकाराची परीक्षा पानांवरून व्हायची. ओकच्या पानाला हाताचा फटकारा वेगळा, लिंडनचा वेगळा, बीचचा वेगळा. तो ज्याला जमला नाही त्याची खैर नसे. "याच्या ओकला कोबी लागलेत," म्हणून दहा जण हसायचे. हेन्शलांच्या बीचला मात्र कुणी नाव ठेवलं नाही. एकेक पान सुटं, हलतंय असं वाटणारं. लोक भिंग लावून मोजायचे आणि मान डोलवायचे.

आणि ती पानं काढणारा मी. तीन पानं झाली की टोक बोथट व्हायचं. मग हेन्शल मला ओठांत धरून हलकेच ओढायचे, की पुन्हा सुई. तीन पानं, की ओठ. तीन पानं, की ओठ. दिवसातून शेकडो वेळा. कुणी ओल्या फडक्यावर टोक करायला सांगितलं तर ते म्हणायचे, "फडक्याने टोक करतो तो भिंती रंगवणारा. ओठांनी करतो तो चित्रकार." त्यांचे सगळे सोबतीही तेच करत आणि तेच बोलत.

माझी सुरुवातीची वर्षं मजेत गेली. तेव्हाचा हिरवा रंग निळ्या-पिवळ्याची मिसळ असायचा, जरा मळकट. मग बाजारात एक नवी हिरवी पूड आली. काय सांगू मित्रांनो, मे महिन्यातली कोवळी पालवी कुणीतरी वाटून बरणीत भरावी, तशी. हेन्शल ती पाहून वेडेच झाले.

लोब्रेख्त नावाचे एक औषधवाले ती पूड विकायचे. हेन्शल पुडी घ्यायला गेले तेव्हा मी त्यांच्या कोटाच्या खिशात होतो, त्यामुळे प्रत्येक शब्द मी ऐकला.

"हेन्शलसाहेब, पुडी उंचावर ठेवा, आणि हात धूत जा," लोब्रेख्त म्हणाले. "याच बरणीतलं मी सोमवारी गिरणीवाल्याला दिलं. साखरेत कालवून ठेवलं त्याने. दुसऱ्या दिवशी सतरा उंदीर उताणे."

"गिरणीवाल्याचे उंदीर अडाणी," हेन्शल म्हणाले. "रंग कागदाला खाऊ घालायचा असतो, हे त्यांना कुणी शिकवलं नाही."

"थट्टा नको. तुम्ही कुंचला तोंडात घालता. मी बघितलंय."

"तीस वर्षं घालतोय. हे बघा दात. एक तरी पडलाय का?"

"तीस वर्षं हा हिरवा नव्हता, साहेब."

हेन्शल हसले. पुडी त्यांनी माझ्याच खिशात टाकली, माझ्या अगदी शेजारी. तेव्हापासून मी हिरव्याला भितो. आणि हेन्शलांनी घरी यातलं एक अक्षर सांगितलं नाही. म्हणजे ही गोष्ट घरात दोघांनाच ठाऊक होती. एक ते, ज्यांना भीती वाटत नव्हती. दुसरा मी, ज्याला बोलता येत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी रानात त्यांनी मला त्या हिरव्यात बुडवलं. तीन पानं काढली आणि ओठांकडे नेलं. मी मनात म्हटलं, नको हो, नको. पण ओठांत गेलो आणि नेहमीसारखा सुई होऊन बाहेर आलो. हेन्शल खुशीत म्हणाले, "वा रे पठ्ठ्या." ती शाबासकी मला चाबकासारखी लागली.

पहिल्या वर्षी फार काही झालं नाही. दुसऱ्या वसंतात त्यांचं पोट दुखायला लागलं. "मुळ्याचं असेल," ते म्हणाले. अमालीने मुळा बंद केला. मग दुखणं धुरात सुकवलेल्या माशावर गेलं, मग राय नावाच्या धान्याच्या पावावर गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती. ओठांच्या कोपऱ्यांत चिरा पडल्या, त्यावर अमाली हंसाची चरबी लावायची आणि तोच ओठ मला पुन्हा धरायचा.

हिवाळा आला की त्यांना बरं वाटायचं. हिवाळ्यात ते बर्फ आणि उघडी झाडं काढायचे, मग हिरवा कशाला लागतो? गाल भरायचे, जेवण जायचं. अमाली म्हणायची, "बघा, थंडी यांना मानवते." मला ओरडून सांगावंसं वाटे, बाई, थंडी नाही मानवत, हिरवा नसणं मानवतं. लोक वसंताची वाट पाहतात. मी बर्फ वितळायला लागलं की भीतीने गारठायचो. रानात पहिली पालवी दिसली की पुडी उघडली जायची.

तिसऱ्या वर्षी वैद्य आले. त्यांनी जीभ पाहिली, नाडी पाहिली, चित्रांच्या खोलीचा वास घेतला आणि निकाल दिला, "कोंदट हवेचं दुखणं आहे. दूध प्या. रानात जा. जास्तीत जास्त हिरव्यात राहा." हेन्शलांना तेवढंच हवं होतं. ते पहाटेपासून रानात बसायला लागले. म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात.

चौथ्या वर्षी त्यांच्या बोटांतली जाणीव जाऊ लागली. एकदा अमालीने कढत कॉफीचा कप दिला. आमच्याकडची कॉफी इतकी पातळ की कपाच्या तळाचं फूल दिसावं, पण कढत मात्र असते. हेन्शलांनी तो दोन्ही हातांत धरला आणि बोलतच राहिले. तळवे लाल झाले तेव्हा अमालीनेच कप काढून घेतला.

"भाजत नाही का तुला, ट्राउगोट?" तिने विचारलं.

"मला काही होत नाही," ते म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं.

त्या मे महिन्यात ते ड्रेस्डेनच्या प्रदर्शनासाठी एक मोठं चित्र करत होते. अख्खा चढ, पन्नासेक बीच, पालवी फुटलेली. अर्धी झाडं झाली आणि एक दिवस मी त्यांच्या बोटांतून निसटून खाली शेवाळात पडलो. त्यांनी उचललं. मी पुन्हा पडलो. तिसऱ्यांदा त्यांनी मला उचललंच नाही, नुसते बघत बसले. मित्रांनो, खरं सांगतो, मला आनंद झाला. मला वाटलं, सुटलो. सुंठीवाचून खोकला गेला.

पण हेन्शल शेजारी बसलेल्या थेक्लाला म्हणाले, "उचल त्याला. आता तू धर."

"मी? तुमची पानं?" थेक्ला हसली. "उद्या लोक म्हणतील, हेन्शलांच्या बीचला कोबी लागले."

"कोबी लागायच्या आत शिकवतो. धर."

तिने मला धरलं. तिचा हात हलका, पण शहाणी मुलगी, टोक करायला तिने ओलं फडकं घेतलं. टोक जरा फाकलं आणि पान फिसकटलं. हेन्शल म्हणाले, "हे पान आहे की पालकाची भाजी? ओठांनी कर."

ज्या माणसाला लोब्रेख्तने तोंडावर सांगितलं होतं, तो हे बोलला. त्यांचा थेक्लावर जीव होता, ती शिंकली तरी ते खिडक्या लावून घ्यायचे. पण जित्याची खोड म्हणतात ती हीच. हात शिकवतो ते तोंड बोलतं, मध्ये डोकं येतच नाही.

"शी, बाबा. चव कशी लागते ती," थेक्ला म्हणाली.

"दोन दिवसांत सवय होते."

तिने मला ओठांत धरलं. मी जिवाच्या आकांताने केस फाकवायचा प्रयत्न केला. पण चांगल्या कुंचल्याचे केस ओले झाले की आपोआप एकमेकांना बिलगतात. बाबेटने मला तसाच केला होता. ज्या टोकाचा मी इतकी वर्षं तोरा मिरवला तेच टोक माझ्या बोकांडी बसलं. मी सुई होऊन बाहेर आलो आणि थेक्लाने कागदावर एक पान ठेवलं. सुटं, हलतंय असं वाटणारं.

हेन्शलांच्या डोळ्यांत पाणी आलं. "जमलं तुला," ते म्हणाले.

असे अकरा दिवस. मी मोजले आहेत. भित्र्याला मोजण्याशिवाय दुसरं काय येतं? तीन पानं, की ओठ. सहाव्या दिवशी तिने स्टुलावर बसल्या बसल्या पोटाशी हात नेला. आठव्या दिवशी ती चढ चढताना दोनदा थांबली. नवव्या दिवशी तिच्या ओठाच्या कोपऱ्यात बारीक चीर पडली. अमालीने हंसाची चरबी लावली आणि कौतुकाने म्हणाली, "झाडं उतरली, तसं बापाचं तोंडही लेकीत उतरलं." सगळे हसले. मी रंगांच्या पेटीत पडल्या पडल्या ऐकत होतो. ओरडायला तोंड नाही, पळायला पाय नाहीत. तुम्ही कधी असं काही पाहिलं आहे का, की समोर चाललेलं दिसतंय आणि आपल्याला बोट हलवता येत नाही? मला तेवढीच एक गोष्ट पाहायला जन्माला घातलं होतं असं वाटायचं.

अकराव्या दिवशी दुपारी ती रानातून आली ती मला अंबाड्यात खोचूनच जेवायला बसली. टेबलावर उकडलेले बटाटे, चक्का आणि त्यावर जवसाचं तेल. तिचं आवडतं जेवण. तिने अर्धा बटाटा खाल्ला आणि ताटली सरकवली.

"काय गं?" अमालीने विचारलं.

"नको वाटतंय. पोटात कळ येते मधून मधून." थेक्ला सहज म्हणाली, "मुळ्याचं असेल."

"मुळा कुठला?" अमाली म्हणाली. "मुळा या घरात दोन वर्षांत आलेला नाही."

हेन्शल बटाटा सोलत होते. म्हणजे सोलायचा प्रयत्न करत होते. त्यांचा हात थांबला. त्यांनी मान वर करून थेक्लाकडे पाहिलं, तिच्या ओठाकडे. चिरेच्या बाजूला हिरव्याचा एक ठिपका होता, मोहरीएवढा.

इतकी वर्षं मी या माणसाच्या खिशात, हातात, तोंडात काढली. त्यांना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दुपारी पाहिलं. चेहरा चक्क्यासारखा पांढरा पडला. ते इतक्या झटक्यात उठले की खुर्ची मागे पडली. त्यांनी थेक्लाच्या अंबाड्यातून मला खेचून काढलं आणि दुसऱ्या हाताने पाव कापायची सुरी उचलली. ती बोटांतून निसटली. पुन्हा उचलली, पुन्हा निसटली. मग त्यांनी मला तोंडात घातलं आणि माझं टोक दातांनी कचकन तोडलं.

केस जमिनीवर थुंकले. पुन्हा चावलं, पुन्हा थुंकलं. मला दुखलं का? दुखलं तर. पण हिरवा आल्यापासून त्या ओठांत मला पहिल्यांदाच भीती वाटली नाही.

"काय करतोस हे?" अमाली उभी राहिली. "वेड लागलं का तुला?"

"तोंड धू तिचं," हेन्शल म्हणाले. "दूध दे. हिरवा विषारी आहे. लोब्रेख्त म्हणाला होता, यानेच उंदीर मारतात."

"कधी म्हणाला होता?"

ते पडलेली खुर्ची उचलायला वाकले.

"ट्राउगोट, कधी?"

"चार वर्षं झाली."

अमालीने थेक्लाचं तोंड पदरासारख्या धरलेल्या एप्रनने पुसायला सुरुवात केली. पुसता पुसता ती म्हणाली, "मी मुळा बंद केला. मासे बंद केले. पाव बदलला. तू माझ्यासमोर बसून मी वाढेन ते खात होतास आणि तुला माहीत होतं."

"मला काही होत नव्हतं."

"होत नव्हतं?" तिने त्यांचा उजवा हात धरला, बोटाला करकचून चिमटा काढला आणि त्यांच्या डोळ्यांकडे पाहत राहिली. हेन्शलांनी पापणीसुद्धा हलवली नाही. त्यांना कळलंच नव्हतं. अमालीने हात सोडून दिला आणि ती रडायला लागली.

वैद्य पुन्हा आले. या वेळी त्यांना हिरवा दाखवला, पुडी दाखवली. ते खाली मान घालून दूध आणि अंड्यातला पांढरा बलक द्या म्हणाले, आणि वाट पाहा म्हणाले. वाट पाहणं म्हणजे काय असतं ते मला विचारा. मला कुणीतरी खिडकीतल्या फुटक्या पेल्यात टाकलं होतं. भिंतीपलीकडे थेक्लाची खोली. तिच्या ओकाऱ्या मला ऐकू यायच्या, मग शांतता, आणि ती शांतता ओकाऱ्यांपेक्षा वाईट. हेन्शल तिच्या दाराशी स्टूल टाकून बसून राहायचे. आत जायची त्यांची हिंमत होत नव्हती. एकदा थेक्लाच आतून म्हणाली, "बाबा, आत या. बाहेर बसून काय पानं मोजताय?" तेव्हा ते गेले.

जून गेला. जुलैच्या मध्यावर एका दुपारी तिने एक आख्खा बटाटा संपवला आणि म्हणाली, "अजून एक दे." अमालीने दिला आणि स्वयंपाकघरातल्या बाकावर मटकन बसली. मीही माझ्या पेल्यात सुटकेचा श्वास सोडला, म्हणजे कुंचल्याला सोडता येतो तेवढा.

हेन्शल मात्र वाचले नाहीत. त्यांच्या बोटांत जीव परत आला नाही. आणखी दोन हिवाळे काढले त्यांनी. ज्या माणसाला कशाची भीती नव्हती त्याला आता सगळ्याची वाटायची. थेक्ला रंगवायला बसली की ते समोर बसायचे आणि तिचा हात जरा तोंडाजवळ गेला की ओरडायचे. ती चिडायची नाही. मार्चमध्ये, रानात पालवी फुटायच्या आधी ते गेले. मला त्यांचा राग यायचा, अजूनही येतो. आणि त्यांची आठवण येऊन गलबलूनही येतं. ही दोन्ही एकाच वेळी खरी असतात, हे मोठे झाल्यावर तुम्हाला कळेल.

ते मोठं चित्र प्रदर्शनाला गेलं नाही. थेक्लाने ते घरातच, जेवायच्या टेबलासमोर लावलं. पन्नासेक झाडं हिरवीगार, आणि उजव्या कोपऱ्यातलं एक झाड उघडं, एकही पान नसलेलं. मला तिने फेकलं नाही. बोथट टोकाने दगडावरचं शेवाळ छान निघतं, त्यासाठी ती मला वापरायची, फडक्यावर पुसून. पुढे कितीतरी वर्षांनी तिच्या शिकवणीच्या मुली घरी यायच्या. एकीने एकदा विचारलं, "बाई, हे एकच झाड असं का? भर वसंतात त्याला पानं नाहीत?"

थेक्ला म्हणाली, "तिथे बाबा घाबरले."

मुलीला काही समजलं नाही. पण थेक्लाने सगळ्या मुलींचे कुंचले गोळा केले, टेबलावर ओळीने ठेवले आणि ही सगळी गोष्ट, मी तुम्हाला सांगितली तशीच, त्यांना सांगितली.

मित्रांनो, तुमच्या रंगपेट्यांवर आता लिहिलेलं असतं की हे रंग मुलांना अपाय करत नाहीत. असेलही. तरी कुंचला तोंडात घालू नका. टोक नाही आलं तर नाही आलं. पान फिसकटलं तर फिसकटू दे, ओल्या फडक्यावर फिरवून दुसरं काढा. आणि कुंचल्याचं राहू द्या, तुमच्या घरात कुणीतरी मोठं माणूस असेल, जे रोज काहीतरी अपायकारक करतं, ओढतं, पितं, हुंगतं आणि वर हसून सांगतं, मला काही होत नाही. ते चिडतील, थट्टा करतील, लहान तोंडी मोठा घास म्हणतील. म्हणू द्या. रोज विचारा, रोज सांगा, त्यांचा पिच्छा सोडू नका. मला सगळं कळत होतं, पण मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.